चार नंबरची विहीर

३ एप्रिल, गुरुवार

डाव्या पानावरचे आकडे लिहून झाले. उजवं पान माझं!

मनाली म्हणाली, "आजी, डावीकडे विहिरींचं पाणी लिहायचं, उजवीकडे शेरा. फोटो मी डाव्या पानाचाच मागणार." म्हणजे इकडे मी काय खरडते ते कोणी बघायचं नाही! दोनशे पानी वही. शंभर पानं एकटीची. तिसरीत असताना एक पाटी होती, तीही कोपऱ्याला फुटलेली, आणि तीत भावाचा वाटा.

मनाली म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. पवईला पीएचडी करते. जमिनीच्या पोटातलं पाणी कंप्युटरवर बघते. एवढं जग पडलेलं असताना कुठलं पाणी घेतलं? तर आपल्या खारवीवाडीचं! सकाळी आली ती पहिली माझा हात मोजायला बसली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावली. त्रेचाळीस सेंटीमीटर. "आजी, तू हातात मोज, मी कंप्युटरला तुझा हात सांगितलाय." माझा हात कंप्युटरात! ज्या हाताने पस्तीस वर्षं बाजारात बांगडे मोजले, तो हात.

दोरीही केली दोघींनी. नायलॉनची, जाळ्यातली उरलेली. काथ्याची नको, ती भिजली की फुगते, हे मीच सांगितलं तिला. दर हातावर गाठ, टोकाला लोखंडी नट. विहिरीच्या काठावरून सोडायची, नट पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या, वर उरतील ती बोटं. जास्त गाठी म्हणजे पाणी खोल गेलं. झालं.

गुडघा दुखतो आहे. पण आज कौतुकाने दुखतो आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

पहिली फेरी एकटीने! पदर खोचला, दोरी खांद्यावर, पेन्सिल अंबाड्यात.

एक नंबर पंचायतीची विहीर, तिच्यावर पंप. दोन नंबर शाळेची. तीन नंबर आमची परसातली. चार नंबर खाडीकडची, सुंदराबाईची. सुंदराबाई आणि मी एकाच वर्षी वाडीत आलेल्या सुना, एकाच जेटीवर मासे विकले. मला बघून म्हणते कशी, "काय गो गुणवंते, ग्रामसेवक झालीस काय?"

मी म्हटलं, "त्याच्यावर. विहिरींची डॉक्टरीण!"

हसली. माझ्या हातातून दोरीच घेतली तिने. "तुझा गुडघा बघ आधी. बस ओट्यावर, मी सोडते." तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून ठेवला. तिकडून ओरडली, "नऊ हात चार बोटं गो!" लिहिलं. नट आपल्या पदराला पुसून तिने दोरी गुंडाळून पण दिली. अशी माणसं हवीत वाडीत.

६ एप्रिल, रविवार

आज मनाली पवईला परत गेली. जाण्याआधी मी तिला धरूनच बसवलं. म्हटलं, बाय, मी नुसते आकडे लिहिणार नाही. तू करतेस काय ते सांग.

तिने सांगितलं, मला समजलं, आता वहीला सांगते. खडूने अंगणात वाडी काढली तिने. मग तिचे चौकोन पाडले. कंप्युटरात असे चाळीस हजार चौकोन आहेत, एकाखाली एक, जांभ्या दगडाच्या आत, मातीच्या आत, पार समुद्राच्या पातळीखाली. प्रत्येक चौकोनात पाणी किती आणि मीठ किती ते मांडायचं. पंप इतका चालवला तर कुठलं पाणी कुठे सरकेल, हे विचारलं की कंप्युटर सतरा तास घेतो! सतरा तासांत मी रत्नागिरी ते मुंबई जाऊन, जेवून, परत येईन.

म्हणून ते मॉडेल लहान करायचं. कंट्रोल थिअरी म्हणून विद्या आहे, त्यातली युक्ती. दोनच प्रश्न विचारायचे. पंपाने हे हलतं का? आणि विहिरीत ते दिसतं का? पंपाने धड हलत नाही, विहिरीत धड दिसत नाही, असं जे काही असेल ते सोडून द्यायचं. उरेल तेवढ्यावर हिशेब.

मी म्हटलं, मग देवाला पण सोडलंस म्हण!

केवढी हसली. पण मग मला आठवलं — आमचे बाबा रापणीचे म्होरके होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोन्ही दोरांना पंचवीस-पंचवीस माणसं. बाबा एकाही माणसाचा हात बघायचे नाहीत. नुसती पाण्यावरची बुचं कशी वाकलीत ते बघायचे आणि ओरडायचे — डावा सोड, उजवा ओढ! पन्नास माणसं, शंभर हात, आणि बघायच्या गोष्टी दोन-तीन. मनालीला म्हटलं, असंच ना?

ती खडू खाली ठेवून म्हणाली, "आजी, माझ्या सरांनी हे समजवायला दोन महिने घेतले होते."

दो-न म-हि-ने!

७ एप्रिल, सोमवार

दिवसभर तेच. दोन महिने!

१० एप्रिल, गुरुवार

धोंडू पंपवाला माझ्यावर तापलाय. मनालीने त्याला कागद दिलाय — आज दहा मिनिटं पंप, उद्या दोन तास, परवा अर्धा, तेरवा बंद. "काकी, पाण्याला गुदगुल्या करता काय?" मी म्हटलं, हो मेल्या, तेच! हलवल्याशिवाय कळणार कसं कोण हलतं ते? टाकी भरायला कमी पडलं तर लोक मला शिव्या घालतात, म्हणाला. त्याला चार सुके बोंबील दिले. तापमान उतरलं.

हे सगळं कशासाठी ते लिहायला हवं, म्हणजे उद्या मलाच विसरायला होऊ नये. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला नवी लॉजं झालीत, त्यांना पाणी हवं. सरपंच हरिश्चंद्र म्हणतो, एक नंबरवर मोठा पंप बसवू, रोज अडीच तास चालवू. पण एक नंबर समुद्रापासून हाकेवर. फार ओढलं की खालून खारं पाणी चढतं, आणि एकदा चढलं की उतरायचं नाव घेत नाही. मग वाडी मेमध्ये काय पिणार? एक मेच्या ग्रामसभेत ठरायचं आहे. मनाली आकडा सांगणार आणि तिच्या आकड्यावर हात वर होणार.

माझ्या नातीच्या आकड्यावर वाडीचं पाणी. छाती भरून येते.

१४ एप्रिल, सोमवार

बौद्धवाडीत जयंती. मिरवणूक, निळे झेंडे, तिथल्या सावित्रीकडची खीर — दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी घरी आणली. जेवणावळीसाठी धोंडूने कागद बाजूला ठेवून पंप तीन तास चालवला. संध्याकाळी मोजलं तर एक नंबर एकदम सहा बोटं खाली! दोन नंबर तीन बोटं. आमची तीन नंबर एकच बोट. चार नंबर? सुंदराबाई ओरडली, "नऊ हात चार बोटं!" जिथल्या तिथे. जशी सुंदराबाई, तशी तिची विहीर. पन्नास वर्षांत दोघी जागच्या हलल्या नाहीत.

१८ एप्रिल, शुक्रवार

मनालीचा फोन! चाळीस हजाराचे नऊ झाले! नऊ!! नऊ आकड्यांत अख्खी वाडी. सतरा तासांचं काम आता पापणी लवेपर्यंत होतं. मी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या, शेजारची कोंबडी उडाली.

आणि उत्तरही चांगलं. अडीच तास पंप चालवला तरी चालेल म्हणे. "आजी, भीती खाडीच्या बाजूची होती. पण चार नंबर हलतच नाही. मोठं मॉडेल ती हलणार म्हणून हट्ट धरून बसलं होतं, मी त्याचा कान पिळून तुझ्या आकड्यांवर आणलं. मग ती बाजू सोडूनच दिली."

माझ्या आकड्यांवर कंप्युटरचा कान पिळला! संध्याकाळी हरिश्चंद्राला सांगितलं. तो खूश. लॉजवाला गंगाराम खूश. सगळी वाडी खूश, मी सर्वांत जास्त. सोड्यांचं कालवण केलं आणि एकटीने जेवले, तेही पोटभर.

२२ एप्रिल, मंगळवार

सुंदराबाईकडे आज दुप्पट गूळ! तिच्या प्रथमेशचं जमत आलंय. पोरगा मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, गुणी आहे. मुलगी केळशीची, रुपाली. शिवण शिकवते. यांनी जाऊन बघितली, पसंत पडली. आता ४ मेला रविवारी तिची माणसं घर बघायला येणार. सुंदराबाई घराला रंग काढते आहे. विहिरीच्या कठड्याला पण पांढरा चुना मारलाय. मी म्हटलं, कठड्याचं लग्न आहे काय गो? तर म्हणते, "घर बघायला येणारी बाई पहिली विहीर बघते."

खरं आहे. आमच्या आईने पण हेच केलं होतं. आधी विहीर, मग गोठा, मग नवरा.

२७ एप्रिल, रविवार

सुंदराबाई घरी नव्हती, रत्नागिरीला साड्या घ्यायला गेलेली. दोरी मीच सोडली. गाठी मोजते तर — दहा हात पाच बोटं.

म्हटलं चुकले. परत सोडली. दहा हात पाच.

वही उघडायला दोन्ही हात हवेत म्हणून दोरीचं ओलं टोक दातात धरलं, तशी सवयच आहे मला. आणि जीभ आखडली.

खारं. सरळ खाडीचं.

२८ एप्रिल, सोमवार

आज आकडे नाहीत. शेरा पण नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

काल सकाळीच सुंदराबाईकडे गेले होते. साड्या पसरून बसली होती. मी वही मिटलेलीच ठेवली आणि विचारलं, "सुंदरा, कधीपासून?"

तिने साडी खाली ठेवली. म्हणाली, "गेल्या मेपासून." पावसात थोडी निवळली, शिमग्यापासून परत तेच. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. हिने कोणाला सांगितलं नाही. नळाचं पाणी हंड्यात भरून ठेवायची, आल्यागेल्याला त्यातलं द्यायची. मला रोज दिलं तेही त्यातलंच, वर गूळ.

"आणि आकडा?"

"पहिल्या दिवशीचा खरा होता. मग रोज तोच सांगितला. पाणी खाली गेलं म्हटलं असतं तर तू वाकून बघितलं असतंस. वाकलीस तर चाखलं असतंस." मग डोळ्याला पदर लावला. "खाऱ्या विहिरीच्या घरात मुलगी कोण देतं गो? तू दिली असतीस? चार तारखेपर्यंत गप्प राहा. तुझ्या पाया पडते."

मी तिच्यावर ओरडायला गेले होते. पण ओरडू कशी? तिने सांगितलं हे तिचं, पण लिहिलं कोणी? तीन आठवडे ओट्यावर बसून गूळ खात, न बघता लिहिलं कोणी? दुसरीच्या विहिरीत डोकावायचं नाही, दिलेलं पाणी परतवायचं नाही — असल्या भिडेपायी मी माझ्याच नातीला खोटा आकडा दिला. तोच पुढे करून ती परवा सगळ्या वाडीसमोर उभी राहणार. चार तारखेला नव्हे, एक तारखेला.

आज सकाळी मनालीला फोन केला. म्हटलं, "बाय, चार नंबर मी बघितल्याशिवाय लिहिला. आकडा खोटा आहे, पाणी खारं आहे. विहीर कोणाची ते सभेत बोलू नकोस. शिव्या मला घाल."

मला वाटलं, आता रडणार.

आणि मग अशी ओरडली की फोन कानापासून लांब धरला! "म्हणूनच! आजी, म्हणूनच! मोठं मॉडेल पहिल्यापासून हेच सांगत होतं, मीच त्याला गप्प केलं!" मग चार गोष्टी भराभर सांगितल्या. आज-उद्या पंप चालण्याआधी मोज, नंतर मोज, स्वतः मोज. आणि चाख!

रागावलीच नाही गो पोरगी. आजच्या दोन फेऱ्या झाल्या. गुडघा गेला कामातून, पण मनावरची धोंड अर्धी उतरली. अर्धी अजून आहे, ती खाडीच्या बाजूला आहे.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. पुरणपोळी केली, मनाली आली म्हणून. पोळी एका हातात आणि दुसऱ्या हाताने कंप्युटर. नवाचे अकरा झाले. चार नंबर धरून.

उत्तर बदललं. अडीच तास चालवला तर तीन वर्षांत एक नंबर खारी. सकाळी पन्नास मिनिटं, संध्याकाळी तीस, मध्ये पाण्याला दम खाऊ द्यायचा — एवढंच चालेल. पण तेवढ्यावर राहिलं तर चार नंबर परत गोड होईल, म्हणाली. पुढच्या मेपर्यंत.

पुढच्या मेपर्यंत! रविवार चार दिवसांवर आहे, बाय.

१ मे, गुरुवार

आजचं आजच लिहिते.

ग्रामसभा शाळेत. झेंडावंदन झालं, पेढे झाले, मग मनाली उभी राहिली. भिंतीवर वाडीचं चित्र, त्यात लाल रंग. ती मिनिटं वाढवायची, लाल पुढे सरकायचं. कमी करायची, मागे जायचं. लगेच! पोरं खालून ओरडायला लागली, ताई आणखी वाढवा, आणखी! शेवटी सांगितलं — पन्नास आणि तीस.

गंगाराम उठला. "दोन आठवड्यांपूर्वी अडीच तास चालतात म्हणून तुझ्याच आजीने गावभर सांगितलं. आज पन्नास मिनिटं? मध्ये काय झालं?"

"आकडा चुकला होता. चार नंबरची विहीर खारी झाली आहे."

"चार नंबर म्हणजे कोणाची?"

"नंबर आहे काका. नाव देत नाही."

लोक हसले. "नाव नाही, गाव नाही! आमच्या वाडीत खारी विहीर, आणि आम्हालाच माहीत नाही?" मी उभी राहिले. म्हटलं, चूक माझी, मी न बघता लिहिलं. तर गंगाराम म्हणतो, "मग आज बघितलंत कशावरून, काकी?" बरोबरच विचारलं मेल्याने. हरिश्चंद्र म्हणाला, मोठ्या पंपाच्या बाजूचे हात वर करा. हात वर जायला लागले. मोजत होते मी. सतरा. अठरा. मनाली कागद गोळा करत होती, खाली मान घालून.

तेवढ्यात मागून, बायकांतून, आवाज आला. "माझी आहे."

सुंदराबाई. नवीन साडी नेसून उभी. "चार नंबर माझी आहे. वर्ष झालं खारी होऊन. मीच गुणवंतीला खोटं सांगितलं. तिचा काय दोष नाय, गुळाचा दोष आहे." मग गंगारामाकडे वळून, "चल, चाखून बघ. येताना तांब्या घे, नायतर लॉजवरचा ग्लास घे!"

सगळी सभा उठून तिच्या परसात! धोंडूने बादली काढली. पहिला घोट गंगारामाने घेतला, आणि चुन्याच्या नव्या कठड्यावर थुंकला. मग हरिश्चंद्र थुंकला. मग हौसेने सगळेच एकेक घोट घेऊन थुंकले, पोरांनी तर दोन-दोनदा. परत शाळेत जायला कोणाला धीर नाही, तिथेच विहिरीपाशी हात वर झाले. पन्नास आणि तीस. सगळ्यांचे. गंगारामाचाही, अर्धा.

मी गर्दीतून सुंदराबाईला शोधलं. कठड्यावरचे डाग ओल्या फडक्याने पुसत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

४ मे, रविवार

केळशीहून कोणी आलं नाही. "सध्या थांबू" म्हणून फोन आला फक्त. बातमी पोचायला खाडीसुद्धा आडवी येत नाही.

९ मे, शुक्रवार

चार नंबर — दहा हात सात बोटं. स्वतः बघितलं. खारं.

सुंदराबाई घरातच होती, बाहेर आली नाही. ओट्यावर तांब्या मात्र ठेवलेला. गूळ नाही. प्यायले. नुसतं पाणी असं कडू लागू शकतं हे पहिल्यांदा कळलं.

१९ जुलै, शनिवार

मनालीचा प्रबंध दिला गेला! जाडजूड, हिरव्या पुठ्ठ्याचा. तिसऱ्या पानावर आभार, तिथे माझं नाव, आणि त्याच्या शेजारी, त्याच ओळीत, सुंदराबाईचं. पान घेऊन भर पावसात तिच्याकडे गेले. तिला अक्षरं लागत नाहीत, म्हणून बोट ठेवून वाचून दाखवलं. तिनेही आपलं बोट तिथे ठेवलं.

मग म्हणाली, "शिरा टाकते. बस."

बसले! गूळ घालून केला होता.

१२ मे, मंगळवार — वही दुसरी

चार नंबर — आठ हात दोन बोटं.

सुंदराबाईच्या ओट्यावर नवी सून. हातात हिरव्या चुड्याच्या बांगड्या, दहा दिवसांच्या. "आजी, तुमचा गुडघा. द्या दोरी, मी सोडते." मी म्हटलं, सोड बाय, पण मी वाकून बघणार. आता बघितल्याशिवाय लिहीत नाही. तर हसते कशी रुपाली! म्हणाली, "आमच्या केळशीच्या विहिरीला तीन वर्षं झाली खारी होऊन. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या सभेचं ऐकलं तेव्हा आईने फोन करून ‘सध्या थांबू’ म्हणून कळवलं. आईला हो म्हणायला लावायला मला वर्ष लागलं."

दोरी वर ओढली तिने. ओलं टोक माझ्यासारखंच दातात धरलं. मग तेच टोक माझ्यापुढे केलं.

गोड!